माशी कशासाठी राखावी?

शब्बाथशाळेच्या वर्गांत अलीकडे झाडे, पाणी आणि पशुपक्षी यांविषयीचे पाठ होऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कापणीच्या उपासनेच्या सुमारास किंवा जूनच्या आरंभी एखादा शब्बाथ त्यासाठी राखून ठेवण्याची चाल पुष्कळ मंडळ्यांत पडली आहे. बेळगाव भागात, आणि कधीमधी इंदूर-हैदराबादकडे, वचन सांगावयास जाण्याचा योग आला म्हणजे आम्ही मुद्दाम मुलांच्या वर्गात जाऊन मागे बसतो. तेथे फळ्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची हसरी मधमाशी काढलेली असते. बाई विचारतात, "मधमाशी आपल्याला काय देते?" मुले ओरडून सांगतात, "मध!" एखादा चुणचुणीत मुलगा "मेण!" असे म्हणतो. मग बाई समजावतात की, ती या फुलावरून त्या फुलावर पराग नेते, त्यामुळे फळे धरतात, आपल्याला खावयास मिळते, म्हणून आपण मधमाशीला राखले पाहिजे.

पाठ चांगलाच असतो. आमचे लक्ष त्यातील त्या एका "म्हणून"कडे जाते. माशी आपल्या उपयोगी पडते म्हणून तिला राखायचे, असे मूल आज शिकले, तर जी माशी उपयोगी पडत नाही तिचे काय करायचे, हेही ते त्याच पाठातून शिकले. बाईंनी ते सांगितले नसले तरी शिकले. मुलांचा हिशेब आपल्याहून सरळ असतो.

या "म्हणून"ला जोर यावा यासाठी पुष्कळदा एक वचनही सांगण्यात येते. मधमाश्या नाहीशा झाल्या तर मनुष्यजात चार वर्षांत नष्ट होईल, असे आइन्स्टाइन म्हणाले होते म्हणे. आइन्स्टाइन १९५५ साली वारले. हे वाक्य त्यांच्या नावावर प्रचारात आले ते १९९४च्या सुमारास, आणि त्यांनी ते म्हटल्याचा कोठेही पुरावा नाही. शिवाय ते खरेही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांना माशीची गरज नसते. ही सारी गवताच्या कुळातली पिके असून त्यांचे काम वारा करतो किंवा त्यांचे तेच होते. माश्या गेल्या तरी भाकरी राहील. खरे आहे ते वेगळेच, आणि तेही काही लहान नाही. जगातील ११५ प्रमुख पिकांचा हिशेब २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७ पिकांना फळ किंवा बी धरण्यासाठी कमीअधिक प्रमाणात प्राण्यांची मदत लागते, असे त्यात दिसून आले. म्हणजे भाकरी राहील, पण भाकरीबरोबरचे पुष्कळसे जाईल. भोपळा, दोडका, काकडी, कलिंगड, सूर्यफूल, बदाम, सफरचंद, वेलदोडा ही सारी पिके एकतर जातील किंवा फार कमी होतील.

चांगल्या कामासाठी मुलांना थोडे भय घालण्यास काय हरकत आहे, असे कोणी विचारील. आमच्या मते हरकत आहे. ज्या वर्गात आपण पवित्र शास्त्र शिकवतो त्याच वर्गात, त्याच तोंडाने, एक खोटे वचन शिकवायचे आणि मुलाने मोठेपणी ते खोटे असल्याचे वाचावे, हा धोका लहान नव्हे. पुढे ते आपल्या बाकीच्या सांगण्याकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा शिक्षकांनी विचार करावा.

तर मग खरे काय सांगायचे? आमचे म्हणणे असे की, फळ्यावरच्या माशीपासून दूर जाऊन परसातल्या माशीकडे यावे. चित्रातील माशी बहुधा युरोपातील असते. आपल्याकडे मोहोळ करणाऱ्या माश्याच निरनिराळ्या आहेत. उंच झाडाला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठी पोळी लटकवणारी आग्या माशी. झाडाच्या ढोलीत अंधारात अनेक पोळ्या करणारी सातेरी. कुंपणाच्या काटक्यांत तळहाताएवढी पोळी करणारी फुलोरी. आणि भिंतीच्या भेगेत राळ-मेणाची बारीक नळी काढून राहणारी, डंख नसलेली इवलीशी माशी. ती घामावर येऊन बसते म्हणून मुले तिला चिलट समजतात.

पण मोहोळ करणाऱ्या माश्या या थोड्याच. जगात माश्यांच्या २०,०००हून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत, त्यांपैकी भारतात ७००हून अधिक आहेत. त्यांतील बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, पोळे नाही, मध साठवणे नाही. एक आई जमिनीत किंवा पोकळ काडीत बीळ करते, त्यात परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते, तोंड बंद करते आणि बहुधा आपले पिल्लू पाहण्यापूर्वीच मरून जाते. गुलाबाच्या पानाला कात्रीने कापावा तसा गोल तुकडा कापलेला दिसला तर समजावे की, ही पाने कापणारी माशी आपल्या बाळांसाठी अस्तर घेऊन गेली. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी मातीच्या भिंतीत घर करते. तिचे नर रात्री गवताच्या काडीला जबड्याने घट्ट धरून रांगेने झोपतात. हे दृश्य मुलांना एकदा दाखवावे, मग फळ्यावरची हसरी माशी त्यांना फिकी वाटू लागेल.

आणि वांगे! हे पीक मूळचे आपल्या बाजूचेच. त्याच्या जांभळ्या फुलात मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका असतो. इतर फुलांत पराग उघड्यावर असतो, वांग्यात तो केसरांच्या आत कोंडलेला असतो आणि टोकाला फक्त बारीक भोके असतात, मिठाच्या डबीला असतात तशी. ती डबी कोणीतरी हलवली पाहिजे. मधाची माशी ते करू शकत नाही; तिला ती युक्ती येत नाही. काळा भुंगा आणि ती निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला पायांनी कवटाळतात, पंख स्थिर ठेवून अंगाचे स्नायू थरथरवतात, आणि पराग भुरभुर खाली पडतो. त्या वेळचा आवाज उडण्याच्या आवाजाहून निराळा, बारीक आणि चढा असतो. कान दिला तर ऐकू येतो. वाऱ्याने हलूनही वांग्याला काही फळ धरते हे खरे. पण भुंगा येऊन गेला तर अधिक चांगले धरते. टोमॅटोचेही तसेच. ज्या भुंग्याला आपण घराच्या वाशाला भोक पाडतो म्हणून केरसुणीने मारतो, तो हा.

आंब्याच्या मोहोरावर तर मुख्यतः साध्या माश्या येतात, आपण ताटावरून हाकलतो त्यांच्याच कुळातल्या. ज्या झाडाच्या बियांपासून चॉकलेट होते त्याच्या फुलाला चिलटांवाचून गती नाही. ही गोष्ट मुलांना सांगून पाहावी. वर्गात एकदम शांतता पसरते.

शास्त्राभ्यासाच्या दृष्टीने आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते उंबराचे उदाहरण. उंबर फोडून केंबरे उडवू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. पण एकदा मुलांसमोर उंबर मुद्दाम फोडावे. उंबराची फुले फळाच्या आतल्या बाजूस असतात, बाहेरून दिसत नाहीत. इवलेसे केंबरे टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा त्याचे पंख तुटतात. ते बरोबर आणलेला पराग फुलांना देते, तेथेच अंडी घालते आणि तेथेच मरते. त्याची पिल्ले पुन्हा पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. उंबर, वड, पिंपळ, प्रत्येकाचे केंबरे बहुधा वेगळे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही.

आता आमोस संदेष्ट्याकडे वळू. आपण संदेष्ट्यांच्या कुळातील नसून गुरे राखणारे आणि उंबरांची निगा करणारे आहोत, असे तो बेथेलच्या याजकाला सांगतो. ही निगा म्हणजे काय? ज्या झाडावर जक्कय चढला त्याच जातीचे ते झाड, आपल्या उंबराचे भावंड. त्याचे मूळ घर आफ्रिकेत आहे. माणसांनी ते मिसर व पॅलेस्टाईनमध्ये नेले, पण त्याचे केंबरे तेथे नव्हते. त्यामुळे तेथे त्या फळात बी धरत नाही. झाड वाढवायचे तर फांदी लावावी लागते. फळही एरवी नीट पिकत नाही. म्हणून माणूस झाडावर चढून एकेका कच्च्या फळाला चाकूने चीर देई, म्हणजे ते थोड्याच दिवसांत फुगून गोड होई. आमोसाचा धंदा हा असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे एका केंबऱ्याच्या गैरहजेरीमुळे एका मनुष्याला हजारो फळांना हात लावावा लागत होता! स्थानिक कीटक नाही म्हणजे काय होते, हे याहून चांगले कसे सांगावे?

अशीच दुसरी गोष्ट व्हॅनिलाची. ही वेल मूळ मेक्सिकोची. फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर लावली. सुमारे वीस वर्षे वेल फुलत राहिली, पण शेंगा धरेनात, कारण मेक्सिकोतील रानमाश्या तेथे नव्हत्या. १८४१ साली एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांनी फुलाच्या आतला पडदा सारून पराग लावण्याची युक्ती शोधून काढली. आजही जगातील लागवडीच्या व्हॅनिलाचे बहुतेक प्रत्येक फूल असेच हाताने फळवावे लागते, कर्नाटक-केरळातसुद्धा. मळेवाले श्रीमंत झाले. एडमंड १८४८ साली गुलामगिरी उठल्यावर मुक्त झाला, आणि १८८० साली दारिद्र्यात मेला. माशी फुकट करीत होती ते काम अखेर कोणाच्या हातावर येऊन पडते, हे या गोष्टीत आहे. मोठ्या वर्गातील मुलांना ती जरूर सांगावी.

पण वाचक म्हणतील, तुम्ही तर उपयोगच सांगत सुटलात! होय. उपयोग खरा आहे आणि तो सांगितला पाहिजे. ज्याचे पोट शेतावर आहे त्याला माशीचा उपयोग सांगू नका असे म्हणणे हा भरल्या पोटाचा उपदेश होईल. आमचा प्रश्न एवढाच आहे की, उपयोग ही पायरी आहे की पाया? आणि येथे आम्हांला शास्त्र पुरते स्पष्ट वाटते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव जलचरांना, पक्ष्यांना, रांगणाऱ्या जीवांना चांगले म्हणतो तेव्हा मनुष्य अजून घडलेला नसतो. कोणाच्या कामाला चांगले, हा प्रश्न तेथे निघतच नाही. ईयोबाला देव वावटळीतून उत्तर देतो तेव्हा, जेथे मनुष्यवस्ती नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो, असे विचारतो. त्या पावसाचा ईयोबाला काडीचाही उपयोग नव्हता, आणि तेच त्याला दाखवायचे होते.

चिमण्यांचा दाखला तर आपण सर्वांनी शिकवला आहे. मत्तयात एका पैशाला दोन चिमण्या मिळतात, लूकात दोन पैशांना पाच. हिशेबाने चारच यावयास हव्या होत्या. पाचवी वर घातलेली, तिची बाजारात किंमत शून्य. तिचीही देवाला विस्मृती पडत नाही, असे प्रभू म्हणतात. पुढे लगेच ते शिष्यांना, तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे, असेही सांगतात. काही बंधू या वाक्याचा आधार घेऊन चिमण्या-माश्यांचा विषय वर्गातून बाहेर काढतात. आम्हांला ते तर्काला धरून वाटत नाही. ज्याला मुळात मोलच नाही, त्याच्याहून अधिक मोलाचे असण्यात काय सांत्वन आहे? चिमणी मोलाची आहे, म्हणूनच त्या तुलनेला अर्थ आहे.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका मंडळीत, नाव सांगत नाही, मंदिराच्या मनोऱ्याला दोन मोठी आग्या मोहोळे लागली. नाताळ जवळ आला होता. रोषणाई करायची, घंटा वाजायची, फटाके उडायचे. वडीलमंडळींनी एका रात्री टेंभे लावून ती जाळली. सकाळी उपासनेला आलेल्या मुलांना पायऱ्यांवर माश्यांचा आणि जळक्या पोळ्याचा ढीग दिसला. वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, त्या माश्या वाईट होत्या का?" बाई म्हणाल्या, "वाईट नव्हत्या ग. पण चावल्या असत्या." मुलगी म्हणाली, "मग आपण त्यांना थांबा का नाही म्हटलं?"

मोठ्यांना हा प्रश्न पोरकट वाटेल. तरी वडीलमंडळींच्या बाजूने बोलले पाहिजे. आग्या माश्या चवताळल्या तर माणूस मरू शकतो, ही अतिशयोक्ती नाही. म्हातारीकोतारी आणि तान्ही मुले जेथे जमतात तेथे तो धोका अंगावर घेऊ नये, हे आम्हांला मान्य आहे. मनुष्याचा जीव आणि माशीचा जीव असा खरोखरच प्रसंग आला तर काय निवडायचे याबद्दल आमच्या मनात संशय नाही. पण तसा प्रसंग आला होता काय? आग्या माशी बारमाही राहत नाही. बहुधा पावसाळ्यानंतर येते, फुलोरा संपला की स्वतःच निघून जाते, आणि पुष्कळदा पुढच्या वर्षी त्याच जागी परतते. धूर, फटाके, झगझगीत दिवे आणि दगड यांनी ती चवताळते. एरवी मनोऱ्याच्या उंचीवर ती आपल्या कामात असते. रोषणाई दुसऱ्या बाजूला करता आली असती. घंटा काही आठवडे बंद ठेवता आली असती. हलवणे अगदी भागच असते तर न जाळता मोहोळ काढणारी जाणती माणसे असतात. पुण्यात १९६२ सालापासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तेथे विचारता येते. मुलीचा प्रश्न पोरकट नव्हता. "थांबा" म्हणण्याचा एकही मार्ग कोणी शोधला नव्हता, एवढे तिने बरोबर ओळखले.

आता एका शब्दाविषयी थोडे सावधपणे लिहावे लागेल. तो शब्द म्हणजे "देशी". स्थानिक माश्या राखा असे शिकवताना, देशी ते चांगले आणि परदेशी ते वाईट, असे सुटसुटीत वाक्य तोंडात येते. आम्ही ते टाळावे. आपण कोण आहोत ते आठवावे. आपल्या धर्माला परका म्हणणारे लोक आपल्याला भेटलेले आहेत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अजूनही "तुमचे गाव कोणते?" असे विचारले जाते. आपल्याच मुलांच्या तोंडी तो हिशेब आपण घालू नये. आणि तो निसर्गातही बसत नाही. टोमॅटो, मिरची, पेरू, काजू हे सारे अमेरिकेकडून आलेले, आणि त्यांच्या फुलांवर आपल्याच माश्या आनंदाने येतात. इस्राएलात बेथ-शानच्या दक्षिणेस तेल रेहोव येथे २००७ साली सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची मातीची पोवळी सापडली. त्यांतील जळालेल्या माश्या तेथील स्थानिक माशीशी नव्हे, तर तुर्कस्तानाकडील माशीशी जुळतात, असे २०१०च्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे बाहेरून माशी आणून पाळणे हे राजांच्या काळातही होत असावे!

युरोपातील पाळीव माशी १९६०च्या दशकात उत्तर भारतात स्थिरावली. मोहरी-सूर्यफुलाच्या शेतकऱ्यांना तिचा लाभ झाला आहे. तिच्यावर राग धरण्याचे कारण नाही. प्रश्न आपण सगळा भार एकाच जातीवर टाकतो तेव्हा उभा राहतो. १९९१ सालापासून दक्षिण भारतात सातेरी माशीत विषाणूचा रोग पसरला आणि हजारो पेट्या ओस पडल्या. एक जात आजारी पडली तर काम कोण करणार? तेव्हा भुंगा लागतो, फुलोरी लागते, मातीत राहणारी एकटी माशी लागते, आणि ज्यांचे नावही आपल्याला माहीत नाही ते जीव लागतात. "स्थानिक" या शब्दाचा अर्थ मुलांना शुद्धतेचा सांगू नये, सोबतीचा सांगावा. ही झाडे आणि हे जीव येथे फार काळ एकमेकांच्या सवयीने राहिले आहेत. त्यांची ताटातूट केली तर दोघेही अडतात.

वर्गात काय करता येईल? साहित्य फार लागत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना मराठीत फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या शब्बाथशाळांनी मुलांना फुलापाशी दहा मिनिटे गप्प बसवू नये, हे नवलच. तुळस फुलली असेल तर तीच पुरे. शेजारच्या घरची असली तरी चालेल, विचारून जावे. कोथिंबीर, कारळे, तीळ, शेवगा यांपैकी काहीही चालते. दहा मिनिटांत किती प्रकारचे जीव आले ते मुलांनी मोजावे. नावे येत नसली तर "निळ्या पट्ट्याची", "काळी केसाळ" अशी मुलांनीच ठेवावीत. आदामानेही तेच केले होते. पकडायचे नाही, बाटलीत कोंडायचे नाही. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्यावर पतंग येतात. ते पाहावयास मोठ्या मुलांना सायंकाळच्या प्रार्थनेनंतर नेता येईल. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी, फुलोऱ्यात औषध मारणे टाळावे आणि अगदी मारावेच लागले तर माश्या घरी गेल्यावर संध्याकाळी मारावे, एवढे वडिलांना सांगावे. मुलांनी सांगितलेले वडील कधीकधी ऐकतात.

आणि वडीलमंडळींसाठी एक विनंती. हल्ली मंदिराच्या आवारात सर्वत्र सिमेंटच्या फरश्या बसवण्याची टूम निघाली आहे. चिखल होत नाही, खुर्च्या नीट मांडता येतात, हे आम्ही जाणतो. पण मातीत बीळ करणाऱ्या माशीला उघडी, न खणलेली, थोडी उन्हाची जमीन लागते, आणि गावात ती आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. नियमशास्त्रात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावयाचे होते. गरिबांनी खावे, आणि त्यांनी टाकलेले रानातील पशूंनी खावे म्हणून. सगळे आवार मागत नाही. भिंतीलगतची दोन हात रुंदीची पट्टी फरशीविना सोडावी, तिच्यावर पाणी साचू देऊ नये, गवत वाढले तरी लगेच औषध टाकू नये. कडेने तुळशीची, झेंडूची, दोन वांग्यांची रोपे मुलांकडून लावून घ्यावीत, आणि वांग्याला फूल आले की शब्बाथशाळेचा एक वर्ग तेथेच, उन्हे चढण्यापूर्वी घ्यावा.